आयसीयूतून घरी आलेला माणूस : बिल फिटले, पण आजार फिटला काय?



साखर कारखान्याच्या पत्रिकेत बेणे, लागवड, खोडवा, उतारा आणि भाव याखेरीज दुसरा विषय आला की आपल्यापैकी काही जण पान उलटतात, हे आम्हांस ठाऊक आहे. तरीही या अंकात एका दुखण्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही ठरविले आहे. ऊस पिकविणारा माणूस धड राहिला तर ऊस, आणि ऊस असला तर कारखाना, हा हिशेब कोणालाही पटण्यासारखा आहे. तेव्हा पान उलटण्यापूर्वी एवढे वाचून घ्यावे, ही विनंती.

रोहणा गटात आणि आसपासच्या गावांत फिरताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्याच्या नात्यागोत्यातले कोणीच अतिदक्षता विभागात, म्हणजे आपण ज्याला सरळ 'आयसीयू' म्हणतो तिथे, राहून आलेले नाही, असे घर आता सहजी सापडत नाही. कोणाला फवारणीत विष चढले. कोणाला रात्रीच्या ओलितावर मण्यार चावली. कोणाची मोटारसायकल पुलगावच्या रस्त्यावर घसरली. कोणाला हार्टअटॅक आला, तर कोणाला २०२० आणि २०२१ च्या कोरोनाने गाठले. पूर्वी अशी पुष्कळ माणसे बैलगाडीत, नाहीतर वाटेवरच जात असत. आता १०८ ची गाडी येते, आर्वीला नेते, तिथून वर्धा, सेवाग्राम, सावंगी, नाहीतर नागपूर. नळ्या लागतात, मशीन लागते, आणि माणूस परत येतो. ही लहान गोष्ट नव्हे. त्याबद्दल डॉक्टर आणि परिचारिकांचे ऋण मानावे तेवढे थोडे.

आमचे म्हणणे पुढचे आहे. माणूस परत येतो, नारळ फुटतो, सत्यनारायण होतो, पाहुणे येऊन भेटून जातात. आणि मग दोन-तीन महिन्यांनी घरातले लोक एकमेकांकडे पाहू लागतात. हा आपला पहिला माणूस नव्हे, असे त्यांना वाटू लागते.

आमच्या ऐकण्यातले एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगणे बरे नाही. एक चांगला कर्ता शेतकरी, फवारणीच्या विषबाधेने आयसीयूत पडला. दोन आठवड्यांवर तिथे होता, त्यातले बरेच दिवस व्हेंटिलेटरवर. घरी आला तेव्हा अंगाने खंगलेला होता, पण चालता-बोलता होता. लोक म्हणाले, देवाने वाचवला. पुढे काय झाले, ते त्याच्या घरधनिणीच्या शब्दांत ऐकण्यासारखे आहे : "रातभर झोपत नाही जी. लाईट बंद केला का उठून बसते. म्हणते, मले तिथं बांधून ठेवलं होतं, ते मले मारून टाकणार होते. दिवसा इचारलं तर काही सांगत नाही. काट्याची पावती कुठं ठेवली तेही याद राहत नाही. पहिले साऱ्या गावाचा हिशोब तोंडी करे हा माणूस!"

गावाने आपल्या परीने निदान केले. कोणी म्हणाले, औषधाने डोके फिरले. कोणी म्हणाले, बाहेरचे लागले, अमुक गावच्या भगताकडे न्या. कोणी म्हणाले, काही नाही, कामाचा आळस भरला. त्या घराने अंगारा-धुपारा केला, पैसे गेले, गुण आला नाही. आणि तो माणूस कोणाशी बोलेना, कारण आपल्याला वेड लागत आहे असे त्याचे त्यालाच वाटू लागले होते.

तर सभासद बंधूंनो, आमचे स्पष्ट सांगणे आहे : हे वेड नव्हे, बाधा नव्हे, आणि आळस तर नव्हेच. याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. अमेरिकेतील अतिदक्षता-तज्ज्ञांच्या संस्थेने २०१० साली एक बैठक घेतली आणि या दुखण्याला 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' असे नाव दिले. आपल्या भाषेत त्याला अतिदक्षतेनंतरचे दुखणे म्हणू. त्याचे तीन भाग आहेत. एक अंगाचा : हातापायांतले बळ जाणे, थोडे चालले की धाप लागणे. दुसरा बुद्धीचा : विसर पडणे, हिशेब न जुळणे, एका कामात लक्ष न राहणे. तिसरा मनाचा : उदासी, धास्ती, झोप उडणे, आणि आयसीयूतले भयंकर क्षण जागेपणी अन् स्वप्नात पुन्हा पुन्हा दिसणे. चौथाही एक भाग तज्ज्ञांनी जोडला आहे, तो घरच्यांचा. त्याविषयी पुढे लिहितो.

हे दुखणे इतकी वर्षे कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असे कोणी विचारील. त्याचे कारण आयसीयूच्या जन्मात आहे. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली माणसे व मुले पटापट दगावू लागली. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरांनी गळ्याला छिद्र करून नळी बसविण्याची आणि रबरी फुगा हाताने दाबून श्वास देण्याची रीत सुरू केली. यंत्रे पुरेशी नव्हती. वैद्यकीच्या सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने फुगे दाबले, आणि माणसे वाचली. पुढच्याच वर्षी अशा रोग्यांसाठी वेगळा विभाग निघाला. पुढे जगभर आयसीयू झाले ते याच वाटेने. जिथे माणूस जगतो की मरतो एवढाच प्रश्न होता, तिथे जगल्यावर त्याचे काय होते हे विचारायला सवड कोणाला? वाचणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा कुठे हा प्रश्न पुढे आला.

पुढे आला तेव्हा जे दिसले त्याने डॉक्टरही चकित झाले. २०१३ साली अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख लेखक डॉ. प्रतीक पंढरीपांडे. हे आडनाव आपल्या विदर्भात काही परके नाही. त्यांनी आयसीयूतील ८२१ रोगी अभ्यासाला घेतले. त्यांपैकी १०० मागे ७४ जणांना तिथे असताना भ्रम झाला होता. घरी गेलेल्यांची तीन महिन्यांनी बुद्धीची परीक्षा घेतली. १०० मागे ४० जणांची बुद्धी डोक्याला बऱ्यापैकी मार बसलेल्या माणसाइतकी मंदावली होती. १०० मागे २६ जणांची तर म्हातारपणी विसरभोळेपणाचा जो अल्झायमर रोग होतो, त्याच्या सुरुवातीच्या रोग्यांसारखी. वर्षभरानंतरही हे आकडे फारसे खाली आले नव्हते : ३४ आणि २४. आणि हे केवळ म्हाताऱ्यांचे नव्हे; जवान माणसांतही हेच दिसले. भ्रम जितके जास्त दिवस, तितके पुढचे नुकसान जास्त, हाही त्यातला निष्कर्ष.

मनाच्या भागाबद्दल जगभर जे अभ्यास झाले त्यांचा गोषवारा असा की, आयसीयूतून आलेल्या साधारण तिघांतल्या एकाला पुढचे कित्येक महिने उदासीची किंवा धास्तीची लक्षणे असतात, आणि चार-पाचांतल्या एकाला झाल्या प्रसंगाचे भय मनात घर करून बसते. म्हणजे गावात दहा जण परत आले असतील, तर दोन-तीन जण तरी आत्ता, या घडीला, मुकाट्याने सोसत असतील असे धरून चालावे.

आता हे होते कसे, ते पाहू. आपल्याकडे जुनी माणसे म्हणत, तापात वात झाला, रोगी बरळू लागला. आयसीयूतला भ्रम तो हाच. रक्तात जंतुदोष पसरलेला, प्राणवायू कमी, गुंगीची औषधे चालू, रात्रंदिवस दिवे जळत असलेले, मशीनचे टूं टूं थांबत नाही, ना घड्याळ दिसते ना सूर्य. त्यात ओळखीचा चेहरा नाही. अशा वेळी मेंदू आपले आपणच अर्थ लावू लागतो. नळी बदलायला आलेली नर्स त्याला गळा दाबणारी वाटते. शेजारच्या खाटेवरचा कण्हण्याचा आवाज त्याला आपल्याच पोराचा वाटतो. नळ्या उपटू नयेत म्हणून हात बांधले, तर आपल्याला कैदेत टाकले असे तो समजतो. हे खोटे दिसलेले मनात खऱ्यापेक्षा जास्त खोल रुतून बसते. पुढच्या भयाचे मूळ बहुधा या खोट्या आठवणींत असते, हे अभ्यासकांनी दाखविले आहे.

आपल्या शेतकऱ्यांच्या बाबतीत यात दोन गोष्टींची भर पडते.

पहिली फवारणीची. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली व वीसहून अधिक दगावले. ही गोष्ट आपण विसरलेलो नाही. मेले त्यांची मोजदाद झाली, चौकश्या झाल्या, मदतीच्या घोषणा झाल्या. वाचले त्यांच्या झोपेची मोजदाद कोणी केली? फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हे औषध द्यावेच लागते, त्यावाचून जीव वाचत नाही. पण त्याची मात्रा जास्त झाली की रोगी बडबडतो, नसलेली माणसे पाहतो, चादर चाचपत राहतो, उठून पळू पाहतो. मग त्याला आवरण्यासाठी बांधण्याची पाळी येते. काहींना दोन-चार दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून पुन्हा मशीनवर जावे लागते. वर सांगितलेल्या बंधूंचे "मले बांधून ठेवलं होतं" हे म्हणणे त्या दृष्टीने पाहावे. बांधले होते हे खरे. मारण्यासाठी बांधले होते हे भ्रमातले. दोन्ही वेगळे करून त्याला कोणी सांगितलेच नाही.

दुसरी गोष्ट मण्यारीची. उसाला पाणी रात्रीचे द्यावे लागते, कारण लाईट रात्रीची. मण्यारही रात्रीचीच फिरते. तिच्या विषाने पापण्या मिटतात, जीभ लुळी पडते, हातपाय हलत नाहीत, श्वास मशीनने द्यावा लागतो. पण पुष्कळदा माणूस आतून जागा असतो. त्याला सारे ऐकू येते. खाटेशी उभे राहून कोणी "आता काही खरं नाही" म्हणाले, तर तेही ऐकू येते, फक्त 'मी आहे' एवढे सांगता येत नाही. याहून भयंकर कोंडी कोणती असेल? श्रीलंकेत सर्पदंशातून वाचलेल्या ८८ जणांची एक ते चार वर्षांनी तपासणी झाली, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून जास्त जणांत उदासीची लक्षणे होती. साप न चावलेल्या त्यांच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांत हे प्रमाण १०० मागे १५ होते. सुमारे पाचांतल्या एकाला त्या प्रसंगाच्या भयाचा विकार जडला होता. साप एकदा चावतो. त्याची रात्र पुष्कळ वर्षे चावत राहते.

आणखी एका प्रकारच्या रोग्याविषयी बोलणे जड जाते, पण टाळणे बरे नाही. आपल्या भागात कर्जाने, नापिकीने खचून स्वतःच्या जिवावर उठलेली आणि सुदैवाने वाचलेली माणसेही आयसीयूतूनच घरी येतात. त्यांच्या वाट्याला वरचे सारे दुखणे येते, आणि त्यावर लाज येते. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ पासून लागू झाला आहे. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षेमागे लावू नये, आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे तो सांगतो. कायद्याने जे समजून घेतले ते गावाने समजून घ्यायला काय हरकत आहे?

आता घरच्यांचे. रोगी आत आणि घरधनीण बाहेर पायऱ्यांवर. दिवसातून पाच मिनिटे काचेतून दर्शन. कोणत्या कागदावर सही केली ते ठाऊक नाही, हातातले मंगळसूत्र की दावणीतली गाय हा विचार डोक्यात. पंधरा दिवस अशी काढलेली बाई घरी आल्यावर ठणठणीत राहील काय? तिलाही झोप नाही, तिलाही धडकी. तज्ज्ञांनी घरच्यांचे दुखणे या आजाराचा भाग मानले आहे ते यासाठीच. आपण मात्र तिला विचारतो, "आता कशाला रडतेस, वाचला ना तो?"

शेतकऱ्याच्या बाबतीत या दुखण्याचा घाव कुठे बसतो, हे शहरातल्या डॉक्टरांना कदाचित सुचणार नाही, म्हणून आम्ही सांगतो. नोकरदाराला रजा असते, साहेब असतो, सांभाळून घेणारे ऑफिस असते. शेतकऱ्याचे ऑफिस त्याच्या डोक्यात असते. कोणत्या वाफ्याला पाणी कधी दिले, सोसायटीचा हप्ता किती, नोंद कोणत्या तारखेची, तोड कधी यायची, उचल किती घेतली, सारे तोंडपाठ. तेच डोके सहा महिने, वर्षभर मंदावले तर? चुकीच्या कागदावर सही होते. सावकार नेमका अशाच वेळी बांधावर येतो. औषधाची मात्रा चुकते आणि माणूस पुन्हा विषबाधेत सापडतो. ट्रॅक्टर उलटतो. भावाभावांत "तुला सांगितले होते", "मला सांगितले नव्हते" यावरून वाटणीपर्यंत गोष्टी जातात. बाहेरून पाहणारा म्हणतो, त्या घराला दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, न ओळखलेला आजार लागला.

यावर उपाय आहे का? पूर्ण बरे करणारी गोळी नाही, हे आधीच सांगतो. पण काय केल्याने कमी होते, हे बऱ्यापैकी कळले आहे. गुंगीची औषधे जमतील तितकी कमी ठेवणे, रोज काही वेळ रोग्याला जागे करणे, मशीनवर असतानाच हातपाय हलवून लवकर बसते-उभे करणे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १०४ रोगी होते. ज्यांना लवकर हालचाल करविली त्यांतले १०० मागे ५९ जण दवाखान्यातून निघताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते, इतरांत ३५. त्यांच्या भ्रमाचे दिवसही निम्म्यावर आले. आणि घरच्या माणसाची भेट! कोरोनाच्या काळात १४ देशांतील दोन हजारांहून अधिक आयसीयू रोग्यांची पाहणी झाली. ज्यांची घरच्यांशी भेट झाली, मग ती समक्ष असो वा फोनच्या पडद्यावर, त्यांना भ्रमाचा धोका सुमारे चौथा हिस्सा कमी दिसला. आपल्या आज्या-पणज्या रोग्याच्या उशाशी बसून राहत, त्याला आता आकड्यांचा आधार मिळाला, असे समजा.

युरोपातल्या परिचारिकांनी आणखी एक साधी रीत काढली : रोग्याच्या खाटेशी वही ठेवायची. आज काय झाले, कोण भेटून गेले, ताप किती होता, हात का बांधले, ते रोज दोन ओळींत लिहायचे. रोगी शुद्धीवर आला, घरी गेला, की ती वही त्याच्याबरोबर बसून वाचायची. हरवलेले दिवस त्याला परत मिळतात आणि खरे-खोटे निराळे होते. २०१० च्या एका चाचणीत वही मिळालेल्यांत भयाचा विकार १०० मागे ५ जणांना झाला, न मिळालेल्यांत १३ जणांना. पुढे २०१९ च्या फ्रान्समधील मोठ्या चाचणीत मात्र एवढा फरक दिसला नाही, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. तरी दहा रुपयांच्या वहीने नुकसान तर काही होत नाही. आणि आपल्याकडे शिकलेली पोरे घरोघरी आहेत.

यावरून आम्ही सभासदांना आणि संचालक मंडळाला पुढील सूचना करू इच्छितो.

सभासदांच्या घरांसाठी :

(१) घरचे कोणी आयसीयूत गेले की त्याच दिवशी वही घाला. तारीख टाकून रोज लिहा. लिहिता येत नसेल तर नात-नातवाकडून लिहवून घ्या.

(२) भेटीची वेळ मिळेल तेव्हा रडू नका. त्याचा हात धरून मोठ्याने सांगा : आज अमुक वार, तू अमुक दवाखान्यात आहेस, मशीन श्वासासाठी आहे, आम्ही बाहेरच आहोत, गाय व्याली, पाणी देणे चालू आहे. डोळे मिटलेले असले तरी सांगा. चष्मा किंवा कानाचे यंत्र असेल तर डॉक्टरांना विचारून लावून द्या.

(३) सुटीच्या दिवशी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका : याला आत भ्रम झाला होता काय? किती दिवस? मनाच्या तपासणीसाठी केव्हा आणावे?

(४) घरी आल्यावर निदान तीन महिने त्याला जमिनीच्या, कर्जाच्या, जामीनकीच्या कागदावर सही करायला लावू नका. तितकेच दिवस फवारणी आणि ट्रॅक्टर नको. नंतरही आधी डॉक्टरांना विचारा. पण त्याला कोपऱ्यात बसवूनही ठेवू नका. शेतावर न्या, विचारा, हलके काम द्या. निकम्मा झालो ही भावना सर्वांत वाईट.

(५) झोप नाही, भेदरतो, बोलत नाही, जगण्यात अर्थ नाही असे म्हणतो, यांपैकी काही दिसले तर भगताकडे न जाता मानसोपचार विभागात जा. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही ठिकाणी मोठी दवाखाने-महाविद्यालये आपल्याच जिल्ह्यात आहेत. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या नंबरावर फोन करून मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

कारखान्यासाठी :

(१) सभासदाच्या घरचे कोणी आयसीयूतून आले की गट ऑफिसला कळवावे, आणि शेतकी खात्याच्या माणसाने महिन्यातून एकदा त्या घरी जाऊन यावे. चिटबॉय तसाही बांधावर जातोच. दहा मिनिटे ओट्यावर बसला तर बिघडत नाही.

(२) अशा सभासदाची संमती घेऊन पावत्या, नोंद आणि बिलाचा हिशेब वर्षभर त्याच्या घरातल्या आणखी एका माणसालाही समजावून द्यावा. तोडणीच्या कार्यक्रमात विसराळूपणाने त्याची पाळी हुकू नये.

(३) हंगामापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात फवारणीच्या हातमोजे-मुखवट्यांबरोबर या विषयावर एक तास ठेवावा. सेवाग्राम किंवा सावंगीचे तज्ज्ञ बोलवावेत.

(४) हे सारे तोडणी टोळ्यांनाही लागू करावे. ते सभासद नाहीत, पण त्यांच्या कोयत्याशिवाय आपला ऊस काट्यावर येत नाही. त्यांच्यातला कोणी आयसीयूतून आला, तर त्याचे गाव दूर आणि पाल उघड्यावर.

यावर दोन आक्षेप येतील, ते आम्हांला आत्ताच ऐकू येत आहेत. पहिला : "पहिले उसाले भाव द्या, मग हे पहा." भाव मागण्याच्या बाबतीत आम्ही सभासदांच्याच बाजूचे आहोत. पण वर लिहिलेल्या सूचनांपैकी एकीलाही भावातून पैसा कापावा लागत नाही. एक वही, एक फेरी, एक तास. दुसरा आक्षेप : हे सरकारचे काम. सरकारचे आहेच. दवाखान्यातल्या खर्चाला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार आहे, आणि मानसिक आजाराला विमा इतर आजारांसारखाच लागू करावा असे २०१७ च्या कायद्याने सांगितले आहे. पण रात्री तीनला उठून बसलेल्या माणसाजवळ सरकार येत नाही. शेजारी येतो.

आणि आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. १९८० च्या सुमारास सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत एक योजना उभी केली. गावकऱ्यांनी सुगीला आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी जमा करायची, आणि त्या बळावर गावाच्या आजारपणाची तजवीज करायची. पायलीभर ज्वारीतून दवाखाना उभा राहत नाही. पण आजार एकट्याचा नाही, गावाचा आहे, ही समजूत उभी राहते. सहकार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? भागभांडवल गोळा करून आपण कारखाने काढले ते एकट्याला न झेपणारे ओझे सर्वांनी उचलावे म्हणूनच.

लावणीचा ऊस तुटला म्हणजे शेत संपले असे आपल्यापैकी कोणी मानत नाही. बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत घालतो, नांगे भरतो, पाणी देतो, कारण खोडवा त्याच बुडातून यायचा असतो. तोडीनंतर पाठ फिरवली तर चांगले बूडही वाळून जाते, आणि मग दोष जमिनीला देऊन उपयोग नाही. आयसीयूतून आलेल्या माणसाची पहिले वर्षभर निगा ठेवायची ती याच न्यायाने.

येत्या वार्षिक सभेपुढे या सूचना ठेवाव्यात अशी आम्ही संचालक मंडळास विनंती करीत आहोत. तोपर्यंत सभासदांनी एवढे करावे : आपल्या गावात कोण आयसीयूतून आले आहे ते आठवावे, आणि या आठवड्यात त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. "कसा आहेस" एवढे विचारून उठू नये. "झोप लागते काय?" असे विचारावे, आणि तो बोलू लागला तर मध्ये बोलू नये.